भिंतीकडे तोंड

लाँड्रीत तिला कडकबाई म्हणत. हे नाव चिडवायला पडलं होतं की मानाने, यावर तिथल्या बायकांत दोन तट होते. एका तटाचं म्हणणं, शर्टाच्या कॉलरला अशी कडक इस्त्री दुसऱ्या कुणाच्या हातून होत नाही, म्हणून. दुसऱ्याचं म्हणणं, अगं तिचं तोंड बघ, खळीच्या बादलीत बुडवून वाळत घातल्यासारखं आहे, म्हणून. दोन्ही तट एकाच टेबलावर जेवायला बसत, आणि ती आली की दोन्ही तट एकदम विषय बदलत.

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नसत. इस्त्रीचा दांडा धरायला वाकडी बोटंच बरी, असं ती म्हणे. बोटं वाकली कशी, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. पातळ भिंतींच्या इमारतीत राहणाऱ्या माणसाला स्वतःची गोष्ट स्वतः सांगावी लागत नाही, शेजारी ती मोफत पोहोचवतात.

नवरा गोदामात मुकादम. पुढे नोकरी सुटली तरी सगळे त्याला मुकादमच म्हणत, बायकोसुद्धा. माणूस दारू पीत नसे, पत्ते खेळत नसे, बाहेरच्या बायकांकडे बघत नसे, म्हणजे त्याच्या वागण्याला सबब म्हणून काही उरत नव्हतंच. दिवसभर हमालांवर ओरडून तो घरी येई आणि उरलेला आवाज घरात खर्च करी. दार उघडायला उशीर झाला, रश्शात मीठ कमी पडलं, एवढं पुरे व्हायचं. आधी हात. मग हुकूम: "भिंतीकडे तोंड कर."

मग ती पलंगासमोरच्या भिंतीला कपाळ टेकून उभी राही. मुकादम जेवे, हात धुई, वर्तमानपत्र वाची. मनात आलं की म्हणे, "पुरे." तो शब्द आला की तिने वळायचं. कधीकधी तो म्हणायला विसरे आणि झोपून जाई. भिंतीवर तिच्या कपाळाचा तेलकट डाग पडला होता. चुना मारला तरी महिन्याभरात तो पुन्हा वर येई. आणि एक दिवस त्या डागाच्या खाली, बरंच खाली, एक छोटा डाग दिसायला लागला. तो लेकीच्या कपाळाचा.

लेक मोठी झाली तशी एक बॅग घेऊन निघून गेली. दूरच्या शहरात नोकरी धरली, लग्न केलं. परत कधी आली नाही.

मग मुकादमाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ज्या तोंडातून "पुरे" निघायचं, त्यातून आता फक्त "अं" निघे. डावा डोळा तेवढा शाबूत राहिला, पहिल्यासारखाच, कामावर उशिरा आलेल्या हमालाकडे बघावं तसा.

आता चर्चच्या मंडळीतल्या भगिनी मंडळाला काहीतरी काम हवंच होतं. मंडळाच्या चिटणीस बाई भल्या होत्या, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हालेलुया" म्हणायची त्यांना सवय. "आज बस वेळेवर आली, हालेलुया." "माझ्या सुनेला ताप आहे, हालेलुया." लोक त्यांना हालेलुयाबाईच म्हणत, आणि त्यांना ते आवडे. दर बुधवारी त्या चार बायकांना आणि केळ्यांच्या पिशवीला घेऊन कडकबाईचे तीन जिने चढत. वर पोहोचेपर्यंत धापा टाकत, आणि धापा ओसरल्या की स्तुती सुरू करत.

"केवढं सहन केलंत! आणि आता त्याचीच सेवा! क्षमा म्हणतात ती हीच. याला म्हणतात विजयी जीवन, हालेलुया!"

मुकादम खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत असे. न्हाऊ घातलेला, दाढी केलेली, शर्टाला कडक इस्त्री. खालच्या रस्त्यावरचं न्हाव्याचं दुकान, बसथांबा, शाळेचं फाटक, सगळं त्याला तिथून दिसे. बायका त्याच्याकडे बघून डोळे टिपत आणि एकेक केळं खाऊन जात.

आता आतली गोष्ट. बायकांची पावलं खालच्या जिन्यावर विरली की कडकबाई खुर्चीचा ब्रेक सोडी. खुर्ची जागच्या जागी वळताना "कुईं" असा आवाज करी. मुकादमाचं तोंड भिंतीकडे. रोज सकाळीही तसंच. पलंगावरून खुर्चीत घेतलं की उजेडासाठी ती त्याला खिडकीकडे वळवी, एक कुईं, पेज भरवी, आणि लाँड्रीत जायची वेळ झाली की दुसरं कुईं, भिंतीकडे. दुपारी शेजारची आजी येऊन त्याला पाणी पाजी. आजीला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. तोंडाने मात्र तिला अख्ख्या इमारतीचं दिसे. ती चाचपडत त्याचे ओठ शोधी, पाणी पाजी, आणि कोण कुणाबरोबर पळालं ते त्याला सांगून जाई. त्याचं तोंड कुठे आहे, हे तिला कळायचं कारण नव्हतं, असं कडकबाई समजून होती.

वाईट वागवायची म्हणाल तर तसं काही नाही. औषध वेळेवर, अंथरूण कोरडं, पाठीला एक फोड नाही. फक्त भिंत. त्याने दिलेली तेवढी एकच गोष्ट ती त्याला परत करत होती. आणि ती "पुरे" म्हणायची नाही.

दर रविवारी संध्याकाळी लेकीचा फोन येई. ना नमस्कार, ना चमत्कार.

"कुठे बघतोय?"

"भिंतीकडे."

"बरं," लेक म्हणे, आणि मग तिचा आवाज सैल होई. मुलाला दात आले, घरमालक कटकट करतो, नवरा घोरतो. मायलेकी थोडं हसतसुद्धा. हसायला त्यांना दुसरी जागाच नव्हती. खुर्ची फिरवली तर लेक जाईल, हे कडकबाईला कुणी सांगितलं नव्हतं, पण पक्कं ठाऊक होतं.

प्रार्थना ती रोज करी. "माझ्या मनातून हे काढ," असं म्हणे, आणि आमेन म्हणून उठली की खुर्ची फिरवी.

अशात भगिनी मंडळाचा वार्षिक रविवार जवळ आला. त्या दिवशी मंडळातली एक बाई सगळ्या मंडळीसमोर उभी राहून साक्ष देते, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगते. हालेलुयाबाईंनी निवड आधीच करून टाकली होती.

"तुम्हीच बोलायचं. फार नको. म्हणायचं, मी नवऱ्याला मनापासून क्षमा केली, प्रभूने मला पूर्ण विजय दिला. 'पूर्ण'वर जरा जोर द्या. आणि तिथे रडू आलं तर आवरू नका."

"मला नाही जमायचं."

"जमतं हो! माझ्यासमोर म्हणून बघा बरं."

कडकबाईने म्हणून बघितलं. धुलाईचे दर सांगावेत तसं निघालं.

ती चर्चच्या पाळकांकडे गेली. पाळक तरुण होते, सर्दीने बेजार होते आणि स्वभावाने इतके चांगले की समोरच्याचं वाईट त्यांना ऐकूच येत नसे.

"साहेब, माझ्याकडून साक्ष नको. मी त्या लायकीची नाही."

"ताई," पाळक गहिवरले, नाक पुसत म्हणाले, "हीच ती नम्रता!"

झालं.

पुढच्या बुधवारी मंडळाने केळ्यांबरोबर एक भेट आणली. चांगली हातभर उंचीची तसबीर, काच आणि सोनेरी चौकट असलेली. प्रभू येशू न्यायासनासमोर उभा आहे, हात दोरीने बांधलेले, डोक्यावर काटे. खरं तर बायकांना कोकरू घेतलेला मेंढपाळ हवा होता, पण त्याची चौकट काळी निघाली आणि हालेलुयाबाईंना सोनेरीच पाहिजे होती. दुःखी तर दुःखी, पण चौकट बघा!

"लावायची कुठे?" एकीने विचारलं.

"ही काय भिंत. एवढी मोठी आणि मोकळी. डागही झाकला जाईल, हालेलुया!"

कडकबाई काही बोलायच्या आत खिळा ठोकला गेला, तोही नेमका वरच्या डागावर. खिडकीपाशी बसलेल्या मुकादमाने मान वळवायचा प्रयत्न केला. "अं," तो म्हणाला.

बायका गेल्या. कुईं. मुकादमासमोर आता तसबीर आली.

पहिले काही दिवस तिने मनाची समजूत घातली. बघू दे, त्याच्याच भल्याचं आहे. पण भल्याचं असलेलं तिला नकोच होतं. कोरी भिंत ही शिक्षा होती, आता भिंतीवर सोबत आली. मुकादमाचा शाबूत डोळा तासन् तास त्या तसबिरीवर असे. त्याला त्यात काय दिसे कोण जाणे, कदाचित सोनेरी चौकटच. पण कामावरून आल्यावर तिला वाटे, आपण नसताना हे दोघं इथे बसून काहीतरी बोललेत. एका सकाळी तिचा ताबा सुटला.

"तू कुणाच्या बाजूचा आहेस?" तिने तसबिरीला विचारलं. ज्या आवाजात ती उभ्या आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती, त्या आवाजात. "मी इथे उभी होते तेव्हा तू कुठे होतास? आणि आता ह्याला सोबत द्यायला आलास?"

तिने तसबीर खिळ्यावरून उतरवली, उलटी केली आणि तशीच परत टांगली. तोंड भिंतीकडे. मग मुकादमाची खुर्ची फिरवली. आता भिंतीसमोर दोघे झाले.

पिशवी उचलून ती दारापर्यंत गेली. लाँड्रीत उशीर तिला कधी झाला नव्हता. दारातून सहज मागे वळून बघितलं, आणि पाय तिथेच अडकले.

तसबिरीची पाठ दिसत होती. तपकिरी कागद, चौकटीला मारलेले बारीक खिळे, सुतळी. आणि तिच्या पलीकडे, हात बांधलेला, मुकाट, काहीही न केलेला कुणीतरी भिंतीला कपाळ लावून उभा होता. बरोब्बर तिच्या डागावर. तिच्याच उंचीला. तशीच तर ती उभी राहायची. आता हा उभा होता आणि हुकूम देणारी ती होती.

तू कुठे होतास, असं विचारलं होतं ना? मिळालं उत्तर.

"पुरे" म्हणणं आता तिच्याकडे होतं. तिने तोंड उघडलं. शब्द येईना. एवढी वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली, तो स्वतःच्या जिभेवर आणायचा तर जबडा दगड झाला. लेक आठवली, तो खालचा छोटा डाग आठवला, वाकडी बोटं एकदम ठणकायला लागली. का म्हणू मी? मला कुणी म्हटलं वेळेवर?

ती तसबिरीशेजारी जाऊन उभी राहिली. सवयीनेच कपाळ भिंतीला टेकलं. दोघं शेजारी शेजारी. मागे खुर्चीत मुकादम "अं, अं" करत होता.

"माझ्याच्याने होत नाही," ती हलकेच म्हणाली. "मी आजवर म्हणत होते की माझ्या मनातून काढ. ते निघत नाही. तू इथे उभा राहिलेला आहेस, तुला माहीत आहे. तूच म्हण. माझं तोंड वापर."

किती वेळ गेला हे तिला कळलं नाही. मग तिच्या तोंडातून, तिच्याच घोगऱ्या आवाजात, शब्द निघाला.

"पुरे."

तिने तसबीर सरळ केली. मग खुर्ची फिरवली, खिडकीकडे. मुकादमाच्या डोळ्यात अश्रू बिश्रू काही नव्हते. असते तर सांगायला कुणाला आवडलं नसतं? पण नव्हते. त्याने खाली न्हाव्याच्या दुकानाकडे बघितलं आणि लाळ गाळली. तिने ती पुसली. मनातला राग होता तिथेच होता, वाटीभरही कमी झाला नव्हता. फक्त तिच्या हातांवर आता त्या रागाचा हुकूम चालला नाही. त्या दिवशी कडकबाई लाँड्रीत उशिरा आली, आणि दोन्ही तटांनी जेवणाच्या टेबलावर त्याची चार वेगवेगळी कारणं शोधून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात पुन्हा ब्रेककडे गेला. तिने पुन्हा तेच मागितलं. तिसऱ्या दिवशी मागायचं विसरली, कुईं करून निघालीसुद्धा, आणि बसथांब्यावरून पळत परत आली. तीन जिने. वर येऊन खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि धापा टाकत खाली बसली. शेजारच्या आजीने दारातून डोकं घातलं.

"काय गं, रोज सकाळी तुझी खुर्ची दोनदा कुईं करते. परवा तीनदा वाजली, काल एकदाच. आज पुन्हा तीनदा. काय चाललंय?"

कडकबाईचा चेहरा पडला. म्हणजे म्हातारीला सगळं ठाऊक होतं. अख्ख्या इमारतीच्या चादरीखालच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडणाऱ्या बाईने ही एकच गोष्ट पोटात ठेवली होती.

"आजी, तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"मी पण भिंतीपलीकडेच होते ना गं, इतकी वर्षं," आजी म्हणाली. "कानाने. तेव्हाही कुणाला बोलले नाही." आणि चाचपडत निघून गेली.

वार्षिक रविवार आला. हालेलुयाबाई पहिल्या बाकावर, नवा रुमाल उघडून तयार. कडकबाई उभी राहिली. शर्टाच्या कॉलरसारखी ताठ.

"मला सांगितलंय की म्हण, मी क्षमा केली आणि पूर्ण विजय मिळाला," ती म्हणाली. "मी माझ्या नवऱ्याला भिंतीकडे तोंड करून बसवत होते. रोज. तुम्ही केळी खाऊन गेलात की मी त्याला फिरवायचे. त्याने मला तसंच उभं केलं होतं. मला ते गोड लागायचं. परवा प्रभूचं चित्रसुद्धा मी भिंतीकडे फिरवलं."

बाकांवरून एक आवाज निघाला, लाँड्रीतल्या नळीतून वाफ सुटल्यासारखा.

"आज सकाळी खुर्ची खिडकीकडे आहे. उद्याचं माहीत नाही. माझ्यात ताकद नाही. होती ती भिंतीकडे फिरवण्यापुरती होती. खिडकीकडे फिरवायला लागते ती मी रोज सकाळी प्रभूकडून मागून आणते. जेवढी मागितली तेवढी मिळते, जास्तीची साठवता येत नाही. एवढंच."

ती बसली. हालेलुयाबाईंचं तोंड उघडं होतं आणि त्यातून, मंडळीच्या इतिहासात प्रथमच, काहीही निघालं नाही. पाळकांनी छापील कार्यक्रमात लांबलचक प्रार्थना ठेवली होती. ते उठले, कडकबाईकडे बघितलं, आणि फक्त "आमेन" म्हणाले. त्या माणसाचं ते सर्वात चांगलं प्रवचन.

बाहेर अंगणात मात्र भगिनी मंडळाला वाचा फुटली. "अशा घरात आपण केळी नेली!" "प्रभूची तसबीर! उलटी!" बुधवारी बाकीच्या चौघी आल्या नाहीत. एकट्या हालेलुयाबाई आल्या, रिकामी पिशवी घेऊन.

"मंडळाचं म्हणणं पडलं," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, "की तसबीर मंडळाच्या वर्गणीची आहे. तर... ती परत..."

"न्या."

"मला वाईट वाटतंय हो."

"बसा, पाणी घ्या. जिने फार आहेत."

पाणी पिऊन, तसबीर पिशवीत घालून हालेलुयाबाई निघाल्या. पिशवीतून सोनेरी चौकटीचा कोपरा बाहेर डोकावत होता. दारात थांबून त्या काहीतरी म्हणणार होत्या, पण सवयीचा शब्द त्या जागी बसेना, म्हणून तशाच गेल्या.

भिंत पुन्हा मोकळी झाली. खिळा राहिला, आणि त्याच्याभोवती डाग. ती भिंत आता पहिल्यापेक्षा जास्त बोलवत होती. बघायला कोणी नव्हतं, स्तुती करायलाही कोणी उरलं नव्हतं.

आणि रविवारी फोन वाजला.

"कुठे बघतोय?"

मधला एक रविवार तिने "डोकं दुखतंय" म्हणून फोन लवकर ठेवला होता. आता सबब नव्हती. फोन हातात धरून ती खुर्चीपाशी गेली. एक कुईं, आणि खोटंही बोलायला लागणार नाही, लेकही जाणार नाही. वाकडी बोटं ब्रेकवर टेकली. तिने खिळ्याकडे बघितलं. मागितलं.

"खिडकीकडे," ती म्हणाली.

लेक म्हणाली, "आई, मी तिथे किती उभी राहिलेय, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. मी तुला सोडवलं नाही, तेही माहीत आहे."

"मग तो जिंकलाच की!"

"नाही गं. तो तर पेजसुद्धा गिळत नाही धड. तू ये म्हणत नाही मी. माफ कर म्हणत नाही. पण तुझ्या नावाने त्याला तिथे बसवणं आता माझ्याकडून होणार नाही. पुरे झालं."

लेकीने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मुकादमाच्या छातीत कफ भरला, तो रोडावत गेला, चमचा तोंडाशी नेला की मान फिरवू लागला. भरवलेलं निम्मं शर्टावर येई, ती शर्ट धुई, इस्त्री करी, पुन्हा घाली. डोळा शेवटपर्यंत तसाच राहिला, हमालाकडे बघणारा. सकाळी मागायचं, दिवसभर पुरवायचं, एवढंच तिचं चाललं होतं. लाँड्रीतल्या दोन्ही तटांनी तिच्याबद्दल बोलणं सोडलं नाही, पण त्यातल्या एकीने एकदा तिच्या डब्याशेजारी स्वतःचा डबा ठेवला.

मग एका रविवारी फोन वाजला.

"कुठे बघतोय?"

"खिडकीकडे."

लेक काही बोलली नाही. पण फोनही ठेवला नाही. मागे मूल रडत होतं, भांडी वाजत होती. कडकबाईही काही बोलली नाही. दोघी तशाच, एकमेकींचा श्वास ऐकत, बराच वेळ.

फोन ठेवल्यावर शेजारची आजी दारात हजर.

"भांडण झालं का गं? इतका वेळ कान लावून बसले, काही ऐकूच आलं नाही."

"नाही आजी. बोलत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची एकदाच वाजली.